मावळच्या माथ्यावरची भरती-ओहोटी

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सैन्यातला अधिकारी. १८२४ मध्ये सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि पुढची काही वर्षे तो पुणे आणि आसपासच्या मुलखात हिंडत राहिला. पिके, माणसे, जनावरे, पक्षी, सगळ्यांची त्याने नोंद घेतली. सोबत पाऱ्याचा वायुदाबमापक होता. दिवसातून अनेकदा त्याचा आकडा टिपायचा, हा त्याचा शिरस्ता. त्या नोंदींचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. विषय होता दख्खनच्या हवेतली भरती-ओहोटी.

साइक्सला जे दिसले ते कमालीचे नियमित होते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पारा चढलेला, दुपारी चार-पाचला उतरलेला. रात्री दहा-अकराला पुन्हा चढलेला, पहाटे पुन्हा उतरलेला. हजारो नोंदींत त्याला एकही दिवस असा सापडला नाही की ज्या दिवशी सकाळची चढण आणि दुपारची उतरण चुकली. पाऱ्याचे हे हलणे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचे. युरोपात वादळांच्या येण्या-जाण्यात ते सहज हरवून जाते. दख्खनमध्ये मात्र ते इतके ठसठशीत दिसते की घड्याळ बंद पडलेल्या माणसाने त्यावरून वेळेचा अंदाज बांधावा.

आज हा प्रयोग मावळातल्या लोणावळ्यात कुणालाही घरबसल्या करता येतो. अनेक मोबाइल फोनमध्ये वायुदाब मोजणारा संवेदक असतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने तिथे आकडा ९४० हेक्टोपास्कलच्या जवळपास दिसतो. फोन एकाच जागी ठेवून तासातासाने आकडा लिहिला, तर दोन दिवसांत साइक्सची नागमोडी रेषा कागदावर उमटते. फोन घेऊन जिना चढायचा नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. कारण आठ-नऊ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो आणि दिवसभराचे चढउतार सगळे मिळून तीन-चार हेक्टोपास्कलच असतात.

सूर्य दिवसातून एकदा उगवतो, मग पारा दोनदा का चढतो? या प्रश्नाने शंभराहून अधिक वर्षे भल्याभल्यांना झुलवले. उत्तर मिळाले ते १९६० च्या दशकात. हवा फक्त जमिनीकडून तापत नाही. खालच्या थरांत पाण्याची वाफ उन्हातला काही भाग शोषते, आणि वर, साधारण २५ ते ६० किलोमीटरांच्या पट्ट्यात, ओझोन वायू अतिनील किरणे शोषून तापतो. या तापण्या-निवण्यातून साऱ्या पृथ्वीला वळसा घालणाऱ्या प्रचंड लहरी उठतात. काहींचा काळ २४ तासांचा, काहींचा १२ तासांचा. ओझोनचा तापणारा थर चांगलाच जाड आहे आणि १२ तासांच्या लहरीची उभी लांबी त्याला जुळणारी आहे. त्यामुळे जमिनीवरच्या दाबात तीच वरचढ ठरते.

साइक्सच्या पाऱ्याने या लहरीचे फक्त तळाचे टोक पाहिले होते. ती वरही जाते, आणि तिथे तिचे रूप पालटते. उंचीबरोबर हवा झपाट्याने विरळ होते. शंभर किलोमीटरवर तिची घनता जमिनीलगतच्या दशलक्षांशाहून कमी उरते. लहरीची ऊर्जा मात्र तेवढीच असते. ती आता फारच थोड्या हवेला हलवणार, म्हणून हलणे वाढते. जमिनीवर जिचा मागमूस पाऱ्याच्या दोन मिलिमीटरांपुरता, तीच लहर शंभर किलोमीटरवर सेकंदाला ५० ते १०० मीटर वेगाचे वारे वाहवते. म्हणजे ताशी १८० ते ३६० किलोमीटर. राजमाची किल्ल्याच्या माथ्यावर आषाढात उभे राहणाऱ्याला जो वारा लागतो, त्याच्या कितीतरी पट. अर्थात त्या उंचीवर हवा इतकी विरळ की असा वारा साधे पानही हलवू शकणार नाही.

पण तो वीज निर्माण करू शकतो.

ही कल्पना सुचली ती आयनांबराचा शोध लागण्याच्या चाळीसेक वर्षे आधी. स्कॉटलंडच्या बाल्फर स्ट्युअर्टने १८८२ मध्ये ती मांडली. तिचा धागा मिळतो होकायंत्राच्या सुईत. सुई स्थिर उत्तर दाखवते हा समज ढोबळ अर्थानेच खरा. बारकाईने पाहिले तर ती रोज सकाळी थोडी एका बाजूला, दुपारी दुसऱ्या बाजूला झुकते आणि रात्री जागेवर येते. या रोजच्या झुलण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या आणि लांबलचक नोंदींपैकी काही मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाल्या आहेत. तिथे १८४१ मध्ये चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली, आणि सुरुवातीच्या काळात तिथे राबणाऱ्यांत एक अलिबागजवळच्या नागावचा मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणित शिकवणारे, टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना. स्वयंचलित यंत्रे येण्याआधीच्या त्या दिवसांत रात्रंदिवस ठरल्या वेळी उठून, दिव्याच्या उजेडात सुईचे स्थान वाचायचे आणि वहीत लिहायचे, हे काम माणसांनीच केले. त्या वह्या नसत्या तर पुढची कहाणी निम्मीही सांगता आली नसती.

स्ट्युअर्टचे म्हणणे असे: वर कुठेतरी वीज वाहू देणारी हवा असली पाहिजे. ती हवा वाऱ्याबरोबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिली की तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होणार, सायकलचे चाक फिरले की डायनॅमोत होतो तसा. त्या प्रवाहाचे चुंबकत्व खालच्या सुईला ढकलणार. काही वर्षांतच आर्थर शुस्टरने गणिताने दाखवून दिले की सुईच्या रोजच्या झुलण्याचे मूळ कारण जमिनीच्या पोटात नसून मुख्यतः डोक्यावर आहे.

आज हा डायनॅमो कसा चालतो ते पुरेसे स्पष्ट झाले आहे. सूर्याचे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण वरच्या हवेतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन तोडतात. उरतात धनभारित आयन. या विद्युतभारित थरांना मिळून आयनांबर म्हणतात. साधारण ९० ते १५० किलोमीटरांच्या पट्ट्यात एक मोठी गंमत घडते. आयन जड असतात आणि हवेच्या रेणूंवर सतत आदळत असतात, म्हणून वारा त्यांना आपल्याबरोबर फरफटत नेतो. इलेक्ट्रॉन हलके, ते चुंबकीय बलरेषांना चिकटून राहतात आणि वाऱ्याला दाद देत नाहीत. एक वाहून गेला, दुसरा जागेवर राहिला, की भार वेगळे पडले. भार वेगळे पडले की विद्युतक्षेत्र आले, आणि विद्युतक्षेत्राबरोबर प्रवाह. सूर्य मावळला की हा थर विरळ होतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. सुई रात्री शांत असते ती यामुळे.

कुलाब्याच्या सुईचे पुढे काय झाले, ही गोष्ट मावळच्या शेजारची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणायचे ठरले. रुळांतून वाहणारा विद्युतप्रवाह सुईला बिघडवणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकीय गुणधर्म नाहीत. सह्याद्रीचा काळा पाषाण इथे बाद, कारण त्यात लोहखनिज असते. मोजणीच्या खोलीत लोखंडी खिळासुद्धा चालत नाही. किल्ल्या, चाकू, घड्याळ बाहेर ठेवूनच आत जायचे. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली, दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या गेल्या, आणि १९०७ मध्ये ट्राम धावू लागण्याआधी कुलाब्याचे काम थांबले. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा बसवून घेण्याची ही दूरदृष्टी दुर्मीळ आहे. तिच्यामुळे या किनाऱ्यावर १८४० च्या दशकापासूनची जवळजवळ अखंड नोंद आज हाताशी आहे.

लोणावळ्याहून अलिबाग सरळ रेषेत साठ किलोमीटरांच्या आत आहे. शंभर किलोमीटरवरच्या विद्युतप्रवाहाच्या दृष्टीने ही दोन्ही गावे एकाच छपराखाली येतात. अलिबागची सुई जे सांगते ते मावळच्या आकाशालाही लागू.

आणि ती सुई जे सांगते त्याला जगभरच्या अभ्यासकांच्या लेखी एक खास मोल आहे.

चुंबकीय विषुववृत्त भारतात दक्षिणेच्या टोकाजवळून, तिरुनेलवेली आणि तिरुवनंतपुरमच्या परिसरातून जाते. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा आडव्या, जमिनीला समांतर असतात. या मांडणीमुळे डायनॅमोचा प्रवाह दिवसा एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना तीनेक अंशांचा पट्टा, उंची १०५ किलोमीटरांच्या आसपास, दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. याला विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणतात. पेरूमधल्या वांकायो वेधशाळेत १९२२ पासून सुईचे असाधारण मोठे झुलणे दिसत होते. त्याच्या मुळाशी असलेल्या प्रवाहाला हे नाव सिडनी चॅपमन यांनी १९५१ मध्ये दिले.

हा झोत मोजायचा कसा? तिरुनेलवेलीची सुई झोताबरोबर इतर गोष्टीही दाखवते: साऱ्या दिवसप्रदेशावर पसरलेला सामान्य प्रवाह, शिवाय पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर वाहणाऱ्या प्रवाहांचा परिणाम. त्या वगळायला हव्यात. त्यासाठी जवळपास त्याच रेखांशावरचे, पण झोताच्या पट्ट्याबाहेरचे ठिकाण लागते. भारतात ते ठिकाण अलिबाग. तिरुनेलवेलीच्या दुपारच्या वाढीतून अलिबागची वाढ वजा केली की उरते ती झोताची ताकद. अलिबागला क्षितिजसमांतर चुंबकीय बल ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असते आणि दुपारपर्यंत त्यात काही दशक नॅनोटेस्लांची भर पडते. तिरुनेलवेलीला ही भर पुष्कळदा दुप्पट किंवा त्याहून मोठी असते. ही वजाबाकी गेली अनेक दशके शेकडो शोधनिबंधांत केली गेली आहे. विषुववृत्ताच्या आकाशातली वीज जोखण्याचा शून्यबिंदू रायगडच्या किनाऱ्यावर, मावळच्या पायथ्याशी आहे, ही गोष्ट इथल्या शाळांत शिकवली जायला हवी.

या विद्युतक्षेत्राचा पल्ला शंभर किलोमीटरपुरता नाही. बलरेषा विजेच्या चांगल्या वाहक असल्याने ते तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या दाट थरापर्यंत पोहोचते. तिथे पूर्वेकडचे विद्युतक्षेत्र आणि उत्तरेकडचे चुंबकीय क्षेत्र मिळून तिथल्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाला, म्हणजे प्लाझ्माला, वर उचलतात, दिवसा सेकंदाला वीसेक मीटर वेगाने. वर गेलेला प्लाझ्मा मग बलरेषांवरून दोन्ही बाजूंना खाली घसरतो. विषुववृत्तावर भर दुपारी आयनांबर त्यामुळे काहीसे विरळ पडते आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ चुंबकीय अक्षांशांवर दाटीचे दोन पट्टे तयार होतात. एडवर्ड अॅपलटन यांनी १९४६ मध्ये ही उलटापालट दाखवून दिली. भारतात उत्तरेकडचा पट्टा साधारणपणे गुजरात-मध्य प्रदेशाच्या डोक्यावर येतो. मावळ त्या चढणीवर आहे. विरळ आणि दाट यांच्या मधोमध. वर चढून दोन्ही बाजूंना उतरणारे प्लाझ्माचे हे कारंजे जोरात असेल त्या दिवशी दाटी उत्तरेला सरकते, मंद असेल त्या दिवशी दक्षिणेला रेंगाळते. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांवरचे आकाश या सरकण्याच्या वाटेवरच पडते.

आता खरे कोडे. सूर्य शांत आहे, ऋतू तोच, घड्याळात वेळ तीच. तरीही झोत आज जोरात आणि उद्या निम्म्यावर, असे का होते? एखाद्या दुपारी तर तो दिशाच बदलतो आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो. १९६० च्या दशकात अदिस अबाबाच्या वेधशाळेतल्या नोंदींवरून या उलट्या झोताची चर्चा सुरू झाली आणि भारतीय वेधशाळांमध्येही तो वारंवार आढळला. सूर्याचे अतिनील किरण एका दिवसातून दुसऱ्या दिवसात असे निम्म्याने बदलत नाहीत. चुंबकीय वादळे मोठे उत्पात घडवतात हे खरे, पण ती रोज येत नाहीत. मग रोज बदलते ते काय? वारे.

यातला सर्वांत नेमस्त वाटेकरी चंद्र. त्याच्या ओढीने समुद्रासारखीच हवाही फुगते आणि ओसरते. अलिबागच्या कोळ्याला उधाण आणि भांग यांचे गणित तोंडपाठ असते: अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास छोटी, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे. तसेच गणित आयनांबरातही चालते. कुलाब्याचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांनी १८८७ मध्ये मुंबईच्या सुईतला चंद्राचा हा अंश वेगळा काढून दाखवला होता. विषुववृत्तावर तो कधी कधी इतका मोठा होतो की दुपारचा उलटा झोत तिथीच्या आसऱ्याने येताना दिसतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, जमिनीवरच्या दाबात अगदी नगण्य असा हा परिणाम वरच्या विरळ हवेत एवढा फुगतो.

दुसरा वाटेकरी फार दूरचा आहे. काही हिवाळ्यांत उत्तर ध्रुवावरच्या स्थितांबरात, तीसेक किलोमीटर उंचीवर, तापमान काही दिवसांत एकदम वाढते. बर्लिनच्या रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये हे पहिल्यांदा टिपले. जानेवारी २००९ मध्ये अशीच एक जबरदस्त घटना घडली. तापमान पन्नास अंशांहून अधिक चढले. सूर्य तेव्हा कमालीचा शांत होता, त्यामुळे दुसऱ्या कशावर बोट ठेवायला जागा नव्हती. आणि पेरूच्या हिकामार्का रडारने विषुववृत्तावर काय पाहिले? सकाळी प्लाझ्मा नेहमीपेक्षा जोरात वर जातो, दुपारी खाली येऊ लागतो, आणि हे चक्र रोज थोडे पुढे सरकते. चंद्राची पावलेच ती. ध्रुवावर वाऱ्यांची रचना मोडली, त्याने चंद्राच्या लहरींना वर जायला मोकळी वाट मिळाली आणि त्या बळावल्या. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या अभ्यासकांनीही २००५-०६ च्या हिवाळ्यातल्या अशा घटनेचा माग भारतीय आकाशात काढला आहे. लोणावळ्यात शेकोट्या पेटलेल्या असताना ध्रुवावरच्या हवेतली उलथापालथ डोक्यावरच्या विजेला हात घालते. पृथ्वीचे वातावरण एकसंध आहे याचा याहून बोलका पुरावा मिळणे अवघड.

तिसरा वाटेकरी म्हणजे पाऊस. वाफेचे ढग होताना जी उष्णता बाहेर पडते ती अफाट असते आणि तिच्यातूनही लहरी उठतात. २००६ मध्ये थॉमस इमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांतून दाखवले की रात्रीच्या आयनांबरातले दाट पट्टे सगळीकडे सारखे उजळ नसतात. पृथ्वीभोवती त्यात चार ठिकाणी उजाळा दिसतो. त्याचे मूळ ॲमेझॉन, मध्य आफ्रिका आणि इंडोनेशियातल्या रोजच्या मेघगर्जनांत आहे. ढग पंधरा-सोळा किलोमीटरवर थांबतात, त्यांचा परिणाम साडेतीनशे किलोमीटरवर उमटतो.

मग वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्याचे काय? सह्याद्रीच्या कड्यावर धडकणारा मोसमी वारा आकाशात लहरी उठवत असणारच. उठवतो, पण त्या फार वर पोहोचत नाहीत, आणि याचे कारण मोठे सुंदर आहे. पावसाळ्यात खाली वारा पश्चिमेकडून येतो, तर वर, बारा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून जोराचा झोत वाहतो. मधे कुठेतरी वाऱ्याचा वेग शून्य होतो. डोंगरामुळे उठलेली लहर डोंगराला खिळून एका जागी उभी असते, म्हणून तिचाही वेग शून्य. जिथे वाऱ्याचा आणि लहरीचा वेग सारखा होतो तिथे लहर विरघळते. ढगांतून उठणाऱ्या लहरी मात्र डोंगराला बांधलेल्या नसतात. त्या पुढे सरकत असतात आणि त्यांतल्या काही हे फाटक ओलांडतात. एकट्या मावळाचा वाटा यात किरकोळ आहे, हे खरे. पण सगळ्या उष्ण कटिबंधाचा पाऊस मिळून जे घडवतो त्यात घाटमाथ्याची भर पडतेच.

एवढे सगळे पटले तरी एक दुवा निसटलेला होता. वारा आणि प्लाझ्माची चाल एकाच वेळी, एकाच बलरेषेवर, कुणी मोजली होती का? वारा मोजणे मुळात कठीण. शंभर किलोमीटरवर फुगा पोहोचत नाही, उपग्रह तिथे टिकत नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट उडाले ते याच कामासाठी. विक्रम साराभाईंनी चुंबकीय विषुववृत्ताजवळचे हे गाव निवडले. ती निवड करण्यात मूळ कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता. रॉकेटने वर सोडियमची वाफ सोडली. तिन्हीसांजेला जमिनीवर अंधार, पण उंचावर अजून ऊन. त्या उन्हात वाफ नारिंगी उजळली आणि वाऱ्याने तिचे वेडेवाकडे फराटे ओढले. छायाचित्रांवरून त्या फराट्यांचा वेग काढला की वरचा वारा कळतो. पण हे काही मिनिटांचे दर्शन. रोजच्या बदलांसाठी रोज मोजायला हवे. तिरुनेलवेलीजवळ १९९२ पासून आणि पुढे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात बसवलेल्या रडारांनी ते काम ८०-९० किलोमीटरांच्या पट्ट्यात केले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये नासाने आयकॉन हा उपग्रह सोडला. विमानाच्या पोटाखालून सुटलेल्या रॉकेटने त्याला सुमारे सहाशे किलोमीटरवर नेले. कक्षा विषुववृत्ताशी २७ अंशांनी कललेली, त्यामुळे मावळच्या अक्षांशावरूनही तो जात असे. त्यातले एक उपकरण क्षितिजाकडे पाहून ऑक्सिजनच्या मंद प्रकाशावरून ९० ते ३०० किलोमीटरांमधला वारा मोजायचे. दुसरे उपकरण उपग्रहाजवळचा प्लाझ्मा कोणत्या दिशेला, किती वेगाने चालला आहे ते टिपायचे. कक्षेत अशा वेळा येत की वारा ज्या बलरेषेच्या पायथ्याशी मोजला, तिच्याच माथ्यावरून उपग्रह जात असे. २०२१ च्या अखेरीस इमेल आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: दुपारच्या प्लाझ्माचे रोजचे कमी-जास्त वर उचलले जाणे त्या बलरेषेच्या पायथ्याच्या वाऱ्याशी घट्ट बांधलेले आहे. स्ट्युअर्टने १८८२ मध्ये अंदाज केला होता, ती गोष्ट आता दिवसादिवसाच्या हिशेबाने मोजली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयकॉनशी संपर्क तुटला, तो पुन्हा जुळला नाही.

हे सगळे समजून घेण्याची निकड शास्त्रज्ञांपुरती नाही. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड इथून इंग्लंडशी लघुलहरींवर थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले, तेव्हापासून पुणे जिल्ह्याचा व्यवहार आयनांबराशी जोडला गेला आहे. आज तो मोजणीच्या खांबापर्यंत आला आहे. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि हद्दीचे वाद वाढले. भूकरमापक आता साखळी आणि प्लेन टेबलाऐवजी रोव्हर घेऊन येतात. भातखाचराच्या बांधावर खांब उभा करायचा, वरच्या गोल अँटेनाने उपग्रहांचे संदेश घ्यायचे आणि हातातल्या पडद्यावर 'फिक्स' दिसेपर्यंत थांबायचे. फिक्स मिळाला की जागा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक. 'फ्लोट' दिसले की चूक काही दशक सेंटीमीटरांवर जाऊ शकते, आणि बांधाच्या भांडणात तेवढे पुरते.

उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीचे एक एकक वाढले की अंतरात सोळा सेंटीमीटरांची चूक पडते, आणि दुपारी मावळच्या आकाशात अशी कित्येक दशक एकके असतात. शेजारच्या स्थिर केंद्राशी तुलना करून ही चूक बरीचशी वजा होते, पण दोन्ही ठिकाणांवरचे आयनांबर सारखे असेल तरच. चढणीवरच्या मुलखात ते सारखे नसते. शिवाय संध्याकाळचे संकट वेगळेच. सूर्यास्तानंतर विषुववृत्तावर प्लाझ्मा एकदा जोरात वर उचलला जातो आणि त्याच्या तळाशी विरळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात. ते बलरेषांवर पसरत असल्याने उत्तरेला कुठवर पोहोचणार हे त्यांच्या उंचीवर ठरते. विषुववृत्तावर साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास उंची गाठली तर त्यांचे टोक मावळवर येते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे महिने, आणि सूर्य सक्रिय असेल ती वर्षे त्यांची. २०२४ मध्ये सूर्याचे चक्र शिखरावर होते. पन्हाळ्यावरच्या कॅमेऱ्यांनी अशा रात्री ऑक्सिजनच्या तांबड्या प्रकाशात उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेला सरकताना टिपले आहेत. तो पट्टा वाटेत आला की उपग्रहाचा संदेश लुकलुकतो आणि रोव्हरचा फिक्स सुटतो.

लोणावळ्यापासून ऐंशी किलोमीटरांच्या आत, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर दूरच्या दीर्घिका पाहताना तिला हाच थर आड येतो. जितकी वारंवारता कमी, तितका त्रास जास्त. खगोलशास्त्रज्ञ तो दोष निरीक्षणांतून काढून टाकतात. पण जो दोष काढला तो आयनांबराचाच नकाशा असतो. त्यामुळे काही संशोधकांनी हीच दुर्बीण मावळ-जुन्नरच्या माथ्यावरचे बारीक तरंग मोजायला वापरली आहे, आणि ते तरंग तिने कमालीच्या बारकाईने टिपले आहेत.

या विषयातले सर्वांत अवघड काम अजून व्हायचे आहे. मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी बुडबुडा उठणार की नाही, हे त्या दिवशी दुपारीच खात्रीने सांगता यायला हवे. ऋतू आणि सूर्याची अवस्था यांवरून महिन्याचा अंदाज बांधता येतो, दिवसाचा बांधता येत नाही. कारण दिवस ठरवतो तो खालून आलेला वारा. म्हणून जमिनीपासून सहाशे किलोमीटरपर्यंतचे सगळे वातावरण एकाच गणितात बसवणारी प्रारूपे आता तयार होत आहेत. त्यांत पावसाचे ढग, ध्रुवावरचे स्थितांबर, चंद्राची तिथी आणि सूर्याचे किरण यांना एकत्र मांडले जाते. प्रारूपाने सांगितलेला दिवस खरा ठरला की नाही, हे पडताळायला दुसऱ्या सकाळी तिरुनेलवेलीचा आकडा लागतो, आणि त्यातून वजा करायला अलिबागचा.